स्प्लिटरने टाइल पाडताना: सह्याद्री-कोकणचा नकाशा गार्मिनवर

वाटाड्या१५

ओपनस्ट्रीटमॅपच्या (लोकांनी मिळून केलेला खुला नकाशा) डेटातून हातातल्या गार्मिनसाठी (जीपीएस यंत्र) नकाशा करतोय. हद्द: डहाणूच्या खालपासून गोव्यापर्यंत, पूर्वेला इंदापूर-सोलापूर रस्त्यापर्यंत. जिओफॅब्रिकची (हा डेटा विभागवार देणारी साइट) भारताची वेस्टर्न झोन फाइल. स्प्लिटर (डेटाचे 'टाइल' नावाचे चौकोनी तुकडे करतो) आणि एमकेजीमॅप (त्या टाइलींचा गार्मिन नकाशा बनवतो), दोन्ही ताजे. कंटूर (समान उंचीच्या रेघा) २० मीटरचे, मूळ डेटातच मिसळलेले. चार अडचणी आहेत:

१. एमकेजीमॅप एका टाइलवर थांबतो: एका गार्मिन नकाशात एवढा डेटा मावत नाही, आधी तुकडे करा. पण तुकडे तर केलेलेच आहेत.
२. उजनीचा जलाशय अर्धा दिसतो, उरलेला गायब. कडेला सरळ कापल्यासारखी रेघ.
३. पणजीहून चोर्ला घाटाने बेळगावचा मार्ग निघत नाही.
४. कोकणात काही रस्ते अचानक सरळ रेषेत वीस-पंचवीस किलोमीटर उडी मारून डोंगरात जातात.

मॅक्स-नोड्स (एका टाइलमध्ये जास्तीत जास्त किती नोड, म्हणजे बिंदू) १६ लाखच ठेवलाय, कारण काही न दिल्यास स्प्लिटर तोच धरतो. कुठून सुरुवात करावी?

टाइलकर

या चार अडचणींची कारणंही चार वेगवेगळी आहेत. त्यातली निदान दोन स्प्लिटरच्या आधीच घुसलेली आहेत, म्हणून मॅक्स-नोड्सला सध्या हात लावू नका.

(पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि रोमन आकडे.)

आधी चोर्ला. वेस्टर्न झोनमध्ये महाराष्ट्र, गोवा, गुजरात येतात. बेळगाव कर्नाटकात, म्हणजे सदर्न झोनच्या फाइलमध्ये. घाटमाथा ओलांडला की तुमच्या डेटातला रस्ताच संपतो, मग मार्ग निघणार कसा? तिलारी, चंदगड, आंबोली या सगळ्या पट्ट्यात हेच होणार. दोन्ही झोन उतरवा, ऑस्मियम या अवजाराने जोडा, मग हवा तेवढा चौकोन कापा:

ऑस्मियम मर्ज वेस्टर्न-झोन.ओएसएम.पीबीएफ सदर्न-झोन.ओएसएम.पीबीएफ -ओ जोड.ओएसएम.पीबीएफ

ऑस्मियम एक्स्ट्रॅक्ट -बी ७२.६,१५.०,७५.६,२०.३ -एस स्मार्ट -ओ सह्याद्री.ओएसएम.पीबीएफ जोड.ओएसएम.पीबीएफ

चौकोनाचा क्रम पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर. अक्षांश-रेखांश उलटसुलट झाले तर फाइल रिकामी निघते, चूक मात्र दाखवली जात नाही.

दोन्ही झोन एकाच दिवशीचे घ्या. हद्दीवरच्या वस्तू दोन्ही फाइलींत असतात. त्या तंतोतंत सारख्या असतील तर मर्ज एकच प्रत ठेवतो. एक फाइल आठवडाभर जुनी असेल आणि मधल्या काळात कुणी तो रस्ता संपादित केला असेल, तर एकाच क्रमांकाच्या दोन आवृत्त्या आत राहतात आणि पुढे काहीही होऊ शकतं.

आता '-एस स्मार्ट'. तुमची उजनी बहुतेक इथेच अर्धी झाली. कापायच्या तीन पद्धती आहेत. 'सिंपल'मध्ये हद्दीबाहेरचे नोड सरळ सुटतात. 'कम्प्लीट वेज' ही न सांगता लागू होणारी पद्धत, तीत रस्ते आणि रेघा पूर्ण राहतात पण रिलेशनचे (अनेक रेघांचा एकत्र गट) बाहेरचे सदस्य येत नाहीत. 'स्मार्ट' मल्टिपॉलिगॉनही (अनेक रेघांच्या कडीने बंद होणारा आकार) पूर्ण आणतो. मोठे जलाशय आणि जंगलं मल्टिपॉलिगॉनच असतात. कडी तुटली की एमकेजीमॅप एकतर तो आकार टाकून देतो, नाहीतर दोन टोकं सरळ रेघेने जोडतो. ती कापल्यासारखी रेघ त्यातलीच.

घाटमाथा

पण उजनी त्यांच्या हद्दीच्या बऱ्यापैकी आत येते की. पूर्व कड ७५.६ असेल तर धरणाची भिंतसुद्धा आत आहे.

टाइलकर

हद्द ७५.६ असेल तर हो. मूळ फाइल कुठे कापली होती ते त्यांनी आकड्यात लिहिलेलं नाही. आत असूनही तुटत असेल तर दुसरा संशयित स्प्लिटरचा कीप-कम्प्लीट. हल्लीच्या आवृत्त्यांत तो आपोआप चालू असतो, पण जुन्या ब्लॉगांवरून उचललेल्या आज्ञांमध्ये 'ओव्हरलॅप' दिलेला असतो आणि सोबत कीप-कम्प्लीट बंद केलेला असतो. ओव्हरलॅपचा जमाना गेला. त्यात टाइलच्या कडेबाहेरची ठरावीक पट्टी तेवढी जास्त घेतली जाते, आणि जलाशय त्या पट्टीपेक्षा लांब असला की तुटतो. कीप-कम्प्लीटमध्ये आकार ज्या ज्या टाइलला शिवतो तिथे तिथे तो अख्खा लिहिला जातो. त्यासाठी फाइल जास्त वेळा वाचावी लागते, वेळ वाढतो. वाढू द्या.

वाटाड्या, तुमची स्प्लिटरची आज्ञा आणि एरियाज.लिस्टमधल्या (स्प्लिटर टाइलींच्या कडा लिहितो ती फाइल) पुण्याच्या टाइलच्या ओळी टाका.

वाटाड्या१५

आज्ञा: जावा -एक्सएमएक्स२जी -जार स्प्लिटर.जार --ओव्हरलॅप=२००० --कीप-कम्प्लीट=फॉल्स सह्याद्री.ओएसएम.पीबीएफ कंटूर.ओएसएम.पीबीएफ

एरियाज.लिस्टमधून:

६३२४०००७: ८३९६८०,३४२८३५२ ते ८८८८३२,३४९३८८८
# : १८.०१७५७८,७३.५६४४५३ ते १९.०७२२६६,७४.९७०७०३

आणि हो, आज्ञा एका जुन्या ब्लॉगवरूनच उचलली आहे.

टाइलकर

हे बघा, दुसऱ्या ओळीतच उत्तर आहे. टाइलची पूर्व कड ७४.९७०७०३ वर. उजनीचं पाणी भिगवणच्या वरपासून ७५.१ च्या आसपास भिंतीपर्यंत पसरलेलं, म्हणजे ही कड बरोबर पाण्यातून जाते. कीप-कम्प्लीट=फॉल्स काढा, ओव्हरलॅपही काढा.

बिटबहाद्दर

हे आकडे पहिल्यांदा बघणाऱ्यांसाठी: गार्मिन पृथ्वीचा ३६० अंशांचा वळसा २४ बिटांत मोजतो. एक एकक म्हणजे ३६० भागिले १,६७,७७,२१६, विषुववृत्तावर साधारण २.४ मीटर. स्प्लिटरचा रेझोल्यूशन १३ असतो, म्हणून टाइलच्या कडा २०४८ एककांच्या जाळीवरच पडतात. ८,३९,६८० ला २०४८ ने भागा, पूर्ण ४१० येतात. जाळीचा एक घर ०.०४३९४५ अंश, म्हणजे ढोबळ ४.९ किलोमीटर. वरची टाइल २४ घरं उंच, ३२ घरं रुंद.

स्प्लिटर पहिल्या फेरीत प्रत्येक घरात किती नोड आहेत एवढंच मोजतो आणि मग मॅक्स-नोड्सच्या आत राहतील असे आयत जुळवतो. म्हणून एक घर एकट्यानेच मर्यादेच्या वर गेलं तर तो हात टेकतो: हा भाग आधीच सगळ्यात लहान आहे, आणखी तोडता येत नाही. तेव्हा रेझोल्यूशन १४ द्यायचा. घर अडीच किलोमीटरच्या आत येतं, या टप्प्याला स्मृती चौपट लागते. १६ लाखांवर हे क्वचितच दिसेल. कुणी हौसेने मॅक्स-नोड्स ५० हजार केला की हमखास.

कोकणकडा_नॉर्थ

अडचण १ ला सोपा उपाय: मॅक्स-नोड्स सरसकट ५ लाख करा. विषय संपला.

बिटबहाद्दर

संदेश बंद होईल, पण खर्च आहे. टाइलची संख्या तिपटीच्या आसपास जाते. टाइल वाढल्या की कडा वाढतात, आणि प्रत्येक कडेवर रस्ता तोडून सांधावा लागतो. कीप-कम्प्लीटमुळे मोठे आकारही तितक्या जास्त टाइलींत पुन्हा पुन्हा लिहिले जातात. शिवाय जुन्या यंत्रांना एकूण टाइलींची मर्यादा असते. ६०सीएसएक्सच्या पिढीत २०२५. एका झोनसाठी तिथवर पोचणार नाही, पण कार्डावर चार नकाशे एकत्र असतील तर बेरीज सगळ्यांची होते.

'मावत नाही' म्हणजे नक्की काय ते बघा. टाइलच्या आत नावांची यादी आणि रस्त्यांची यादी वेगळी असते आणि प्रत्येक रेघ त्या यादीकडे आकड्याने बोट दाखवते. त्या बोटाला २२ बिट आहेत, म्हणजे ४१,९४,३०४ च्या पलीकडे ते पोचत नाही. स्प्लिटर मात्र नोड मोजतो, बाइट नाही. नोडसंख्या हा नुसता अंदाज. जंगलाची कड दहा हजार नोडची असली तरी नाव एकच. पेठेतल्या गल्ल्या आणि दुकानं तेवढ्याच नोडमध्ये शेकडो नावं घेऊन येतात. म्हणून सगळीकडे एकच आकडा खाली आणण्याआधी कोणती टाइल पडली ते बघा. एमकेजीमॅप टाइलचा क्रमांक सांगतो, तो एरियाज.लिस्टमध्ये शोधा.

मग फक्त तेवढीच टाइल तोडता येते. एरियाज.लिस्ट साधी मजकुराची फाइल आहे. पडलेल्या टाइलची ओळ काढा, तिच्या जागी दोन ओळी घाला. वरची टाइल रेखांशात मधोमध कापायची तर मधली रेघ ३४२८३५२ + १६ × २०४८ = ३४६११२०. पहिल्या ओळीत पूर्व कड ही, दुसऱ्या ओळीत पश्चिम कड ही, आणि दुसरीला कुठेही न वापरलेला क्रमांक. मग --स्प्लिट-फाइल=एरियाज.लिस्ट देऊन स्प्लिटर पुन्हा चालवा. मधली रेघ २०४८ च्या पटीतच ठेवा. डोळ्याने 'साधारण मधे' धरून आकडा टाकला की पुढे कडा जुळत नाहीत.

वाटाड्या१५

पडलेली टाइल ०००७ नाही. ०००४ आहे, महाबळेश्वर ते पोलादपूर पट्टा. तिथे कुठे पेठा आणि दुकानं?

बिटबहाद्दर

तिथे कंटूर आहेत. कोकणातून माथ्यापर्यंत हजारेक मीटर चढ थोड्या अंतरात, २० मीटरला एक रेघ. आता घाटमाथ्याशी बोला, हा त्यांचा प्रांत.

घाटमाथा

कंटूर मूळ डेटात मिसळू नका, हे माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. वेगळा पारदर्शक नकाशा करा. कारणं:

रस्ते महिन्याला बदलतात, डोंगर बदलत नाहीत. मिसळलेले असतील तर दर वेळी सगळं पुन्हा तोडा. यंत्रावर कंटूर हवे तेव्हा बंद करता येत नाहीत. आणि स्प्लिटर घनता मोजतो तेव्हा सगळं माप कंटूरच ठरवतात. घाटात टाइल बारीक होतात, पठारावर अवाढव्य, आणि पठारावरच शहरं आहेत.

तुमची अडचण ४, उडी मारणारे रस्ते, हाही कंटूरचाच प्रताप. कंटूर बनवणारं अवजार स्वतःचे नोड क्रमांक देतं आणि काही न सांगितल्यास ते लहान आकड्यापासून सुरू करतं. ओपनस्ट्रीटमॅपमधले जुने नोड त्याच आकड्यांवर बसलेले. एकाच क्रमांकाचे दोन नोड झाले की रस्त्याचा एक बिंदू कंटूरच्या जागी जातो आणि रस्ता डोंगरात. मूळ डेटातले नोड क्रमांक हजार कोटींच्या कधीच पुढे गेलेत, म्हणून २००० कोटींपासून सुरू करा:

पायएचजीटीमॅप --एरिया=७२.६:१५.०:७५.६:२०.३ --स्टेप=२० --लाइन-कॅट=५००,१०० --नो-झिरो-कंटूर --स्टार्ट-नोड-आयडी=२०००००००००० --स्टार्ट-वे-आयडी=२०००००००००० --पीबीएफ

इथे हद्दीचे आकडे विसर्ग-चिन्हाने वेगळे होतात, स्वल्पविरामाने नाही. नो-झिरो-कंटूर कोकणासाठी हवाच. नाहीतर शून्य मीटरची रेघ प्रत्येक खाडीत आणि खाजणात सुतासारखी गुंतते, तिचा उपयोग शून्य.

स्टेप १० करायचा मोह होईल. रेघा दुप्पट होतात, फाइल जवळपास दुप्पट. मूळ उंची ९० मीटरच्या जाळीची असेल तर त्या जास्तीच्या रेघांत जास्तीची माहिती काही नसते. दिसायला छान दिसतं, एवढंच.

मग या फाइलवर स्प्लिटर वेगळा चालवायचा, --मॅपआयडी=७३२५०००१. एमकेजीमॅपमध्ये --ट्रान्स्परंट, --ड्रॉ-प्रायॉरिटी (कोणता नकाशा वर रंगवायचा) मूळ नकाशापेक्षा जास्त (मूळचा २५ असतो, याला २८ द्या), आणि फॅमिली-आयडी (अख्ख्या नकाशाचा क्रमांक) वेगळा.

टाइलकर

मॅपआयडीवरून आठवलं. न दिल्यास स्प्लिटर ६३२४०००१ पासून मोजतो, आणि इंटरनेटवरून उतरवलेले इतरांचे नकाशेही बऱ्याचदा त्याच आकड्यांवर असतात. यंत्रावर एकाच क्रमांकाच्या दोन टाइल आल्या की एक दिसत नाही. नकाशाला मधेच चौकोनी भोक पडलं की आधी हे तपासा. आठ अंकी आकडा, पहिले चार तुमच्या फॅमिली-आयडीसारखे ठेवले की लक्षात राहतात.

एकूण आज्ञा अशी:

जावा -एक्सएमएक्स४जी -जार स्प्लिटर.जार --मॅपआयडी=७३२४०००१ --मॅक्स-नोड्स=१२००००० --प्रीकॉम्प-सी=सी.झिप --जिओनेम्स-फाइल=सिटीज१५०००.झिप --आउटपुट-डिर=टाइल्स सह्याद्री.ओएसएम.पीबीएफ

४जी नसेल परवडत तर २जी. 'हीप स्पेस' (स्मृती अपुरी) म्हणून जावा मेली तर आकडा वाढवा, पण आधी जावा ६४ बिटांची आहे ना ते बघा. ३२ बिटांच्या जावाला ४जी देऊन ती सुरूच होत नाही. एवढ्या हद्दीत सगळ्या टाइल एकाच फेरीत लिहून होतात, मॅक्स-एरियाजच्या भानगडीत पडू नका. तो सबंध पृथ्वी तोडणाऱ्यांसाठी.

जिओनेम्सची (गावांच्या नावांची यादी) फाइल दिली की टाइलला जवळच्या गावाचं नाव मिळतं, नाहीतर बेसकॅम्पमध्ये (गार्मिनचा संगणकावरचा प्रोग्राम) सगळ्या टाइल एकाच नावाने रांगेत उभ्या.

मग एमकेजीमॅप:

जावा -एक्सएमएक्स४जी -जार एमकेजीमॅप.जार --फॅमिली-आयडी=७३२४ --रूट --इंडेक्स --बाउंड्स=बाउंड्स.झिप --प्रीकॉम्प-सी=सी.झिप --ड्राइव्ह-ऑन=लेफ्ट --लॅटिन१ --नेम-टॅग-लिस्ट=नेम:इएन,नेम --जीमॅपसप -सी टाइल्स/टेम्प्लेट.आर्ग्ज

'-सी' शेवटी. एमकेजीमॅप पर्याय डावीकडून वाचतो आणि ते फक्त पुढे येणाऱ्या फाइलींना लावतो. टेम्प्लेटच्या नंतर लिहिलेला पर्याय टाइलींपर्यंत पोचतच नाही, आणि तक्रारही येत नाही.

सागरसीमा

किनाऱ्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. प्रीकॉम्प-सी (आधीच तयार करून ठेवलेला समुद्राचा डेटा) दोन्हीकडे का? एमकेजीमॅपला समुद्र रंगवायला. नुसत्या 'जनरेट-सी'वर सोडलं आणि किनाऱ्याची रेघ कापलेल्या कडेवर तुटकी असली, तर कधी रायगड जिल्हा निळा होतो, कधी समुद्र पिवळा. स्प्लिटरला ती कशासाठी, तर समुद्रात नोड नसतात, त्याच्या दृष्टीने तिथे काहीच नाही. समुद्राचा आधीचा डेटा मिळाला की कडा कुठे ठेवायच्या ते कळतं.

टाइलची रिकामी कड स्प्लिटर छाटतो. त्यामुळे मालवणसमोर थोड्या अंतरावर निळं संपून यंत्राचा मूळ ढोबळ नकाशा सुरू होतो. ते खटकत असेल तर --नो-ट्रिम. किंवा स्वतःची हद्द --पॉलिगॉन-फाइलने द्या, पण ती काटकोनी ठेवा, ४० कोपऱ्यांच्या आत. तेवढी साधी असेल तर टाइल हद्दीत नेमक्या बसतात. राज्याची नागमोडी सीमा जशीच्या तशी दिली तर स्प्लिटर ती आयतांनी अंदाजेच झाकतो. पॉलिगॉन दिला की नो-ट्रिमकडे दुर्लक्ष होतं, दोन्ही देऊ नका.

कोकणकडा_नॉर्थ

गावांची नावं देवनागरीत हवी असतील तर लॅटिन१ ऐवजी युनिकोड चालेल का? डेटात नेम:एमआर (मराठी नाव) भरपूर आहे.

टाइलकर

बेसकॅम्पवर करून बघा. यंत्रावर नाद सोडा. नव्या बऱ्याच यंत्रांवर स्वतः केलेला युनिकोड नकाशा 'नकाशा प्रमाणित करता येत नाही' म्हणून नाकारला जातो. आणि स्वीकारला तरी जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट मांडणारी व्यवस्था हवी. लॅटिन१ ठेवून नेम:इएन आधी घ्या. ज्या वस्तूला इंग्रजी नावच नाही आणि नेम देवनागरीत आहे, तिचं एमकेजीमॅप जे रोमन करतो ते वाचण्यासारखं नसतं. त्यावर खरा उपाय एकच, मूळ डेटात जाऊन नेम:इएन भरणे.

वाटाड्या१५

दोन्ही झोन एकाच दिवशीचे जोडले, स्मार्टने कापले, कंटूर वेगळे केले. १२ लाखांवर एकही टाइल पडली नाही. उजनी अख्खी. उड्या बंद. चोर्ल्याचा मार्ग निघतो.

नवी शंका: राज्याची हद्द टाइलमध्ये अर्धवट राहते असं कुठेतरी वाचलं. जिल्ह्याची नाही. हे काय?

बिटबहाद्दर

स्प्लिटरचा वॉन्टेड-ॲडमिन-लेव्हल ५ असतो. ५ आणि त्याच्या वरच्या आकड्यांच्या हद्दी पूर्ण ठेवल्या जातात. भारतात राज्य ४, जिल्हा ५, म्हणून जिल्हे पूर्ण, राज्य नाही. रेघ म्हणून राज्याची सीमा तरीही दिसते, कारण त्या त्या टाइलमधल्या रेघा तिथे असतातच. फक्त तिचा बंद आकार होत नाही. पत्त्याच्या शोधाला लागणाऱ्या हद्दी तशाही बाउंड्स.झिपमधून येतात, टाइलमधून नाही. आकडा ४ करू नका, प्रत्येक टाइलमध्ये अख्ख्या महाराष्ट्राची सीमा कोंबली जाईल.

घाटमाथा

आता एरियाज.लिस्ट जपून ठेवा. पुढच्या महिन्यात नवा डेटा आला की तीच --स्प्लिट-फाइलने द्यायची, म्हणजे टाइलच्या कडा आणि क्रमांक तेच राहतात. डेटा वाढत जातो, एखादी टाइल कधीतरी फुगून पडेल. तेव्हा वर सांगितल्याप्रमाणे तेवढीच तोडा.

एक करू नका: नव्याने तोडलेल्या चार टाइल जुन्या बाकीच्यांबरोबर बसवू नका. दोन वेळच्या कडांवर रस्त्यांचे सांधे जुळत नाहीत. नकाशा डोळ्यांना अखंड दिसतो, मार्ग मात्र कडेशी अडतो किंवा मोठा वळसा घालतो. जुना जीमॅपसप (यंत्रावर टाकायची तयार नकाशा-फाइल) कार्डावर आणि नवा अंतर्गत स्मृतीत, दोन्ही चालू, असं असलं तरी तेच.

तपासायला तुमच्याच कडेवरून मार्ग काढा. पूर्व कड ७४.९७ वर आली असेल तर भिगवण ते इंदापूर. पुणे-सोलापूर महामार्ग त्या दोघांच्या मधे कड ओलांडतो. सरळ निघाला तर सांधा ठीक.

वाटाड्या१५

नव्या यादीत कड ७५.०५८ वर सरकली आहे, म्हणजे इंदापूरच्या पुढे. म्हणून इंदापूर ते टेंभुर्णी काढला. सरळ महामार्गाने गेला. फाइल जीमॅपसप नावानेच ठेवू की नाव बदलू?

टाइलकर

जुन्या यंत्रात गार्मिन फोल्डरमध्ये जीमॅपसप.आयएमजी हेच नाव लागतं. नव्यांत कुठलंही नाव चालतं, आयएमजी असलं की झालं, म्हणून सह्याद्री.आयएमजी आणि कंटूर.आयएमजी अशा दोन ठेवा. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं असू द्या. त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच बसते, तुम्ही त्याच्या जवळपासही नसाल.